दस्त्यावरचा खरबरीत रंग
द्वितीय वर्ष, कला

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली आणि आमच्या वर्गात कवितांचा पाऊस सुरू झाला. मी मात्र मराठीच्या सरांना जाऊन सांगितले, “सर, मी रंगाविषयी लिहिणार आहे.” सरांना वाटले, चित्रकलेविषयी काही असेल. “रायफलच्या दस्त्याला द्यायच्या रंगाविषयी,” असे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. “कलाशाखेच्या अंकात?” मी गप्प राहिले. मग तेच म्हणाले, “लिही. पण ज्याने आयुष्यात रायफल हातात धरलेली नाही त्याला, म्हणजे मला, कळेल असे लिही.” तेव्हा प्रस्तुत लेख सरांना कळेल अशा बेताने लिहिला आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

रायफलची नळी, छर्रा किंवा काडतूस भरण्याची यंत्रणा आणि चाप हे लोखंडी भाग ज्या लाकडी अथवा प्लास्टिकच्या अंगात बसविलेले असतात, ते अंग म्हणजे दस्ता. एन.सी.सी.मध्ये त्याच्या मागच्या भागाला सगळे ‘बट’ म्हणतात. हा मागचा भाग खांद्याच्या खोबणीत रुततो, त्याच्या वरच्या कडेवर गाल टेकतो, त्याच्या बारीक कमरेभोवती उजव्या हाताची मूठ बसते आणि पुढच्या भागाला डावा हात खालून आधार देतो. म्हणजे पाहा, नेम धरणारा माणूस लोखंडाला शिवतो तो फक्त एका बोटाने, चापावर. बाकी त्याचा सगळा संबंध दस्त्याशी. आता दहा मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहा गुणांचा ठिपका केवढा असतो? अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि ठिपका अर्ध्याचा! अशा ठिकाणी घामाने मूठ केसभर सरकली तरी छर्रा नऊत किंवा आठात जातो. म्हणून दस्ता गुळगुळीत नसावा, हाताला धरून राहील असा असावा, एवढी साधी गोष्ट या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

जुन्या कारागिरांनी याचा विचार केलेला होता. लाकडी दस्त्यावर मुठीच्या जागी बारीक हत्याराने तिरक्या रेघा एकमेकींना छेदत कोरायच्या, म्हणजे शंकरपाळ्यांसारखे टोकदार चौकोन उठून येतात. याला चेकरिंग म्हणतात. हात घट्ट बसतो आणि दिसायलाही सुरेख. पण ते काम हाताचे आणि वेळखाऊ. सैन्याच्या लाखो रायफलींना ते कोण करीत बसणार? तिथे साधे लाकूड आणि त्यावर तेल, एवढाच मामला. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एन.सी.सी.च्या मुलांनी खांद्यावर वाहिलेली ती जुनी ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे ली-एनफील्ड रायफल, हिचा दस्ता मुख्यतः अक्रोडाच्या लाकडाचा, आणि त्याला पाजायचे ते जवसाचे तेल. आपण ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातो तेच जवस. हे तेल खोबरेल तेलासारखे ओलेच राहत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांतच वाळून बसते. वर पापुद्रा नसतो, त्यामुळे सोलून निघायला काही उरतच नाही. ओरखडा पडला तर पुन्हा तेलाचा हात द्यायचा की झाले. एक सूचना मात्र सर्वांना ठाऊक असावी. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते आणि ढिगाच्या पोटात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा मोकळी पसरून वाळवावीत. सुतारमंडळींना हे सांगावे लागत नाही, पण आपल्याला लागते.

लाकडाचा दोष एकच. ते दमट हवेत पाणी पिते आणि फुगते. आपल्या घराची दारे पावसाळ्यात चौकटीत अडकतात, तसाच प्रकार. अमेरिकेच्या मरीन दलाने १९६६ मध्ये एम-४० नावाची लांब पल्ल्याची रायफल घेतली. तिचा दस्ता लाकडी होता. ती व्हिएतनामच्या जंगलात गेली आणि तिथल्या दमट हवेने दस्ते फुगू-वाकू लागले. दस्ता वाकला आणि नळीला घासू लागला की नळीच्या कंपनात फरक पडतो, आणि कालपर्यंत बरोबर लागणारी गोळी आज भलतीकडे जाते. पुढे १९७०च्या दशकात त्या रायफलीची सुधारलेली आवृत्ती आली, तिला काचतंतूचा, म्हणजे फायबर ग्लासचा दस्ता बसविला गेला. फायबरचा दस्ता पाणी पीत नाही, वाकत नाही. मात्र लाकडाचा एक गुणही त्याबरोबर गेला. तेल पिऊन हाताशी मिळूनमिसळून राहण्याचा. फायबर असो की साचातून काढलेले प्लास्टिक, वरून ते गुळगुळीत असते, थंडीत गार लागते आणि घामात निसटते. तेव्हा त्यावर खरबरीत रंग चढवण्याची गरज निर्माण झाली. चेकरिंगचे काम रंगाने करून घ्यायचे, असे म्हणा ना.

इथपर्यंत मी परक्या मुलखातल्या गोष्टी सांगितल्या. आता आमच्या तालुक्यात येते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. कोल्हापूरला नेमबाजी त्याआधीही नवी नव्हती. तेजस्विनी सावंत या २०१० मध्येच म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या होत्या. पण कांबळवाडीच्या त्या पदकानंतर आमच्यासारख्या लहान गावातल्या पोरांनाही वाटू लागले की हे आपले काम आहे. आमच्या गावात एका निवृत्त फौजी सरांनी एका बंद पडलेल्या गोदामात दहा मीटरची जागा केली आहे. तिथे चार एअर रायफली आहेत. तीन लाकडी दस्त्याच्या. चौथी काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, कोणीतरी वापरून विकलेली. या चौथीचे वैशिष्ट्य असे की तिचा दस्ता दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे डावखुऱ्यांनाही चालणारा. आमच्यात डावखुरी एकच, आठवीतली एक मुलगी. तिचा नेम आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला. पण हात असा घामेजणारा की चौथ्या-पाचव्या छर्ऱ्यानंतर ती मूठ पुसत बसायची.

मी तिच्याहून मोठी, शिवाय एन.सी.सी.ची कॅडेट, तेव्हा पुढाकार घेणे माझे कर्तव्य होते असे मला वाटले. मी साठवलेल्या पैशांतून दुकानातून एक फवाऱ्याचा डबा आणला. त्यावर दगडी पोताच्या भिंतीचे चित्र होते. डब्यावरचा इंग्रजी मजकूर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सर्व पृष्ठभागांना चालतो, असे त्यात होते. सरांची परवानगी घेतली, सरांनी दस्ता लोखंडापासून सोडवून दिला, मी तो फडक्याने पुसला आणि फवारला. काय सुंदर दिसत होता! करड्या रंगावर बारीक कण, जणू आमच्या पंचगंगेच्या घाटाचा दगड. तीन आठवड्यांत त्याची रया गेली. आधी गालाच्या जागी कण सुटून गालाला चिकटू लागले. मग जिथे यंत्रणेचे तेल झिरपले होते तिथे रंग च्युइंग गमसारखा मऊ झाला. एके दिवशी त्या मुलीने नख लावले आणि हातभर पापुद्रा केळीच्या सालीसारखा निघून आला. जिल्हा स्पर्धेला सव्वीस दिवस राहिले होते. सर मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी दस्ता माझ्या हातात दिला आणि त्या मुलीला म्हणाले, “हे होईतो तू बसून बघ.”

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चोवीस वर्षे गाड्यांना रंग देतात. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, दोन स्प्रे गन. डेंटिंग-पेंटिंगमध्ये आसपासच्या चार गावांत त्यांचे नाव आहे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. दस्त्याला रंग द्यायचे ठरले तेव्हा मी दुकानदाराला विचारले, डब्याला विचारले, परंतु ज्या माणसाच्या नखांतून रंग कधी निघाला नाही त्या माणसाला विचारण्याचे माझ्या मनातही आले नाही. का आले नाही, याचा विचार मी नंतर बराच केला आणि जे उत्तर मिळाले ते काही मला भूषणावह नव्हते.

अण्णांनी तो सोललेला दस्ता हातात घेतला, उलटासुलटा केला आणि नखाने टिचकी मारली. म्हणाले, “डब्यावर काय लिवलंय ते तू वाचलंस. डब्याखाली काय हाय ते कुणी बघायचं?”

त्यांनी नळावर दस्ता धरला. पाण्याचे थेंब पसरले नाहीत, अळूच्या पानावरच्या थेंबासारखे गोळा होऊन घरंगळले. “हे बंपरच्या जातीचं हाय,” अण्णा म्हणाले. मोटारींचे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि या प्लास्टिकचा स्वभावच असा की त्याला कशाचाच ओढा नाही, ना पाण्याचा, ना गोंदाचा, ना रंगाचा. त्यावर थेट दिलेला कोणताही रंग, मग तो शंभराचा असो की पाच हजारांचा, नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो. म्हणून गॅरेजवाले आधी प्लास्टिकसाठीच मिळणाऱ्या वेगळ्या प्रायमरचा पातळ हात देतात. तो प्लास्टिकलाही धरतो आणि वरच्या रंगालाही. काचतंतूच्या किंवा नायलॉनच्या दस्त्याला हा त्रास पुष्कळ कमी. तेव्हा रंग निवडण्याआधी आपला दस्ता कशाचा आहे ते ठरवणे हे पहिले काम, आणि मी नेमके तेच वगळले होते.

आता रंगांविषयी. अण्णांनी मला जे सांगितले आणि त्यावर मी जे वाचून पडताळले, त्याचे सार एका उपमेत सांगता येईल. काही रंग वाळतात आणि काही रंग शिजतात. गुळाचा पाक ताटात थापला की वाळून कडक होतो, पण पाणी लागले की पुन्हा विरघळतो. साध्या फवाऱ्याच्या डब्यातले बहुतेक रंग तसे. त्यातला पातळ द्रव उडून जातो आणि मागे पापुद्रा राहतो. तसाच द्रव पुन्हा लागला की पापुद्रा पुन्हा मऊ. नळी साफ करायची द्रावणे आणि बंदुकीची तेले दस्त्यावर सांडणारच, मग असा रंग टिकावा कसा? शिवाय दगडी पोताच्या रंगात कण मोठे आणि त्यांना धरणारा रंग अशक्त, त्यामुळे घासले की कण आधी निसटतात. याउलट अंडे एकदा उकडले की ते पुन्हा कच्चे होत नाही. दोन डब्यांतून येणारे रंग असे असतात. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही मिसळले की आतल्या आत जोडणी होते आणि झालेली जोडणी तेलाने किंवा थिनरने सहज सुटत नाही. गॅरेजमध्ये यांना ‘टू-के’ म्हणतात. घरच्या दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट या दोहोंच्या मधला. तो जवसाच्या तेलासारखा हवा खाऊन घट्ट होतो, पण त्याला दिवस लागतात आणि टू-केची ताकद त्यात नाही.

टू-केमध्येही दोन घराणी आहेत, इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन. इपॉक्सीची पकड जबर आणि कडकपणा चांगला. परंतु उन्हात ते पिवळे पडते, त्यावर खडूसारखी भुकटी येते, आणि ज्या वस्तूला लवचीकपणा आहे तिच्यावर ते तडकण्याचा संभव असतो. काचतंतूच्या ताठ दस्त्याला ते शोभते. पॉलियुरेथेन, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पीयू, थोडे लवते, ऊन सोसते. पिकअप गाड्यांच्या हौद्यात वीट-वाळू टाकली तरी निघू नये म्हणून जो जाड काळा खरबरीत थर देतात, तो याच जातीचा. त्याला बेड लायनर म्हणतात. आजकाल जीपगाड्यांचे हौशी मालक तो बाहेरूनही लावून घेतात. प्लास्टिकचा दस्ता हातात पिळला तर किंचित लवतो, म्हणून आमच्यासाठी हाच योग्य, असे अण्णांचे मत पडले. एका गिऱ्हाइकाच्या कामातून न उघडलेला एक लहान संच त्यांच्याकडे शिल्लकही होता.

यावर कोणी विचारील, की मग पावडर कोटिंग का नको? सायकलीवर तर ते वर्षानुवर्षे टिकते. टिकते खरे, पण ती पावडर पक्की व्हायला साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसची भट्टी लागते. त्यात लाकूड जळेल आणि प्लास्टिक बसेल. चिनीमातीच्या जातीचे जे पातळ सिरॅमिक लेप बंदुकीच्या लोखंडावर देतात ते फार चिवट असतात, पण ते पातळ असल्यामुळे त्यांतून खरबरीतपणा येत नाही. आणि गाड्यांच्या खाली गंज येऊ नये म्हणून मारतात ते काळे डांबरी कोटिंग कोणी चुकूनही दस्त्याला लावू नये. ते उन्हाने मऊ होते आणि गालाला काजळ लावते. हे मी लिहिते आहे कारण आमच्या गोदामातल्या एका मुलाने तोच उपाय मोठ्या आत्मविश्वासाने सुचवला होता.

पीयूची एक बाजू मात्र डब्यावर बारीक अक्षरात असते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. स्प्रे गनने फवारले की त्याचे धुके होते, आणि ते धुके श्वासातून गेले तर दमा जडू शकतो. एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशानेही धाप लागते. यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही. हे सर्व इंग्रजीत, डब्याच्या मागच्या बाजूला होते. मी ते अण्णांना मराठीत वाचून दाखवले. अण्णा चोवीस वर्षे रुमाल बांधत आले आहेत. पहाटे चारला त्यांना जो खोकला येतो त्याला आमच्या घरात ‘गार वारं लागलं’ असे नाव आहे. वाचून झाल्यावर ते थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचले.

तेव्हा फवारायचे नाही असे ठरले. बेड लायनर रोलरनेही लावता येते. धुके होत नाही. तरीही शेडच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवायच्या, हातमोजे घालायचे, गाळणीचा मास्क लावायचा. फवाऱ्याची एक सोय यात जाते. गनची हवा कमी-जास्त करून आणि अंतर बदलून पोत बारीक-मोठा करता येतो. हवा कमी आणि अंतर जास्त असले की दाणा मोठा येतो. रोलरने दाणा जाडच येतो आणि तो मागाहून घासून बसवावा लागतो.

दुसरी अडचण पावसाची होती. आमच्याकडचा पाऊस सर्वांना माहीत आहे. हार्डनरला पाणी फार प्रिय. हवेत ओल जास्त असली की ते रंगाऐवजी ओलीशीच संसार थाटते, त्यातून वायू निघतो आणि रंगात सुईच्या अग्रासारखी भोके पडतात. जुन्या ड्यूको रंगाचे दमट हवेत वेगळे होते, तो पांढुरका पडतो. म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबायचे. सात दिवस थांबलो. त्या सात दिवसांत तयारी झाली, आणि माझ्या मते खरे काम तेवढेच.

आधी जुना रंग पूर्ण काढला. मग भांडी घासायच्या साबणाने दस्ता दोनदा धुतला. प्लास्टिकचा दस्ता साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला जो निसरडा लेप देतात तो वस्तूवर राहिलेला असतो. शिवाय गालाचे तेल, हाताचा घाम, बंदुकीचे तेल. हे सगळे धुण्याआधी पॉलिश पेपर मारला तर ती चिकटी ओरखड्यांत जाऊन बसते आणि मग देवानेही निघत नाही. हा क्रम मी उलटा करायला निघाले होते. अण्णांनी हात धरला. धुऊन, वाळवून मग १८० नंबरच्या आणि नंतर ३२० नंबरच्या पेपरने चमक मारली. चमक जाऊन सगळीकडे एकसारखा राखट रंग दिसला पाहिजे. एखादा चमकणारा ठिपका राहिला तर तिथूनच साल निघायला सुरुवात होते. मग नळीची खोबण, स्क्रूची भोके आणि यंत्रणा बसते ती जागा मास्किंग टेपने बंद केली. या जागी रंग जाता कामा नये. रंगाला जाडी असते, आणि नळीच्या खोबणीत ती गेली की व्हिएतनाममधल्या लाकडाने जे केले तेच आपला रंग करील. जुळणी झाल्यावर नळी आणि दस्त्याच्या फटीतून दहा रुपयांची नोट मोकळी सरकवून पाहावी. अडकली तर तिथे घासावे.

आठव्या दिवशी ऊन पडले. सकाळी दहाला प्रायमरचा हात, मग डब्यावर सांगितलेले प्रमाण मोजून बेड लायनर कालवले. प्रमाण मोजून, हे मुद्दाम लिहिते. लवकर वाळावा म्हणून हार्डनर अंदाजाने जास्त घालणारे पुष्कळ आहेत. तो रंग कडक होण्याऐवजी ठिसूळ होतो. स्पंजच्या लहान रोलरने पहिला हात पातळ दिला, तासाभराने दुसरा. दस्त्याबरोबरच अण्णांनी एका फुटक्या बंपरच्या तुकड्यालाही तेच सगळे केले, तीच धुणावळ, तोच पेपर, तोच प्रायमर. मी विचारले, हे कशाला? “दस्त्यावर ब्लेड मारणार हायस का परीक्षेला?” असे उलट उत्तर आले.

हात लावल्यास रंग संध्याकाळीच कोरडा लागत होता. पण कोरडा होणे आणि पक्का होणे यांत साधारण आठवड्याचे अंतर आहे. तो आठवडा कोणालाही दस्ता हाताळू दिला नाही. स्पर्धेला अकरा दिवस उरले. मग बंपरच्या तुकड्यावर परीक्षा घेतली. ब्लेडने उभ्या सहा रेघा, आडव्या सहा रेघा, बारीक चौकड्या पडल्या. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढली. रंगाच्या कारखान्यांतही पकड अशीच तपासतात, हे मला नंतर कळले. अण्णांना ती कोणी शिकवली हे त्यांनाही आठवत नाही. पट्टीबरोबर एकही चौकोन आला नाही. दुसऱ्या टोकाला बंदुकीच्या तेलात भिजवलेले फडके रात्रभर ठेवले. सकाळी नख लावून पाहिले, रंग तसाच घट्ट.

तरी एक चूक राहिलीच. गोदामात त्या मुलीने दस्ता गालाला लावला आणि “आई गं” म्हणाली. बेड लायनरचा दाणा वाळूच्या वजनासाठी असतो, आठवीतल्या मुलीच्या गालासाठी नव्हे. मुठीला जेवढा खरबरीतपणा हवा तेवढा गालाला नको, आणि खांद्याकडच्या भागाला तर त्याची गरजच नाही. वास्तविक गालाच्या जागेवर पहिल्या हातानंतर टेप लावायला हवी होती. आम्ही दोघांनीही दस्त्याचा विचार केला, गालाचा केला नाही. अण्णा स्वतः गोदामात आले. त्या दिवसापर्यंत ते तिथे कधी आले नव्हते. चप्पल दाराबाहेर काढून, जणू देवळात यावे तसे. त्यांनी त्या मुलीला दस्ता धरायला लावला, तिचा गाल कुठे टेकतो तिथे खडूने रेघ ओढली आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून दाणा बसवला. मग मुठीच्या जागीही थोडा. प्रत्येक वेळी तिला विचारायचे, “आता कसं लागतंय, बाळ?” तीन-चार वेळा घासल्यावर तिने मान डोलावली. सरांनी त्यांना चहा दिला आणि शेजारी खुर्ची दिली. अण्णा चहा उभ्यानेच प्यायले.

किराणा दुकानाच्या काट्यावर मी दस्ता रंगाआधी आणि नंतर तोलला होता. फरक ऐंशी ग्रॅमचा आला. स्पर्धेत एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा असते आणि आमची रायफल तिच्या पुष्कळ खाली होती, तेव्हा ते वजन माफ. ती मुलगी स्पर्धेत चौथी आली. पदक नाही मिळाले. तिची सव्वीसपैकी पंधरा दिवसांची सरावाची तूट कोणाच्या खात्यावर मांडायची हे मला चांगले ठाऊक आहे. तिने मात्र मला एवढेच सांगितले की शेवटच्या दहा छर्ऱ्यांत तिने एकदाही हात पुसला नाही.

त्यानंतर पावसाळा सरला, थंडी गेली. मुठीची आणि गालाची जागा अजून जशीच्या तशी आहे, गालाच्या जागेला थोडी चकाकी आली आहे एवढेच. एका ठिकाणी मात्र रंगाचा टवका उडाला आहे, दस्त्याच्या खालच्या टोकाला, जिथे मुले रायफल फरशीवर टेकवतात. तिथे प्लास्टिकची धार आहे आणि धारेवर कोणताही रंग पातळच बसतो. धार आधी पेपरने गोल करून घ्यायला हवी होती. तो टवका भरायचा आहे, पण संचातले उरलेले हार्डनर डब्यातच दगड झाले. एकदा झाकण उघडले की हवेतली ओल आत जाते आणि ते टिकत नाही. नवा लहान संच आणायला अण्णा येत्या सोमवारी कोल्हापूरला जाणार आहेत, आणि मुखवट्याची किंमतही विचारून येणार आहेत.